एक गाडी, सहा थर : 1943 च्या ट्रकवर खुणा कोणत्या रंगवायच्या?

गाडी आमच्या भोसरीच्या शेडमध्ये आली ती टोचन करून, जूनच्या पहिल्या आठवड्यात. मागे नंतर कधीतरी बसवलेला लोखंडी हौदा, पुढे निळं तोंड, त्यावर केशरी पट्टा आणि काचेच्या वर अर्धवट उडालेली अक्षरं : ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’. दौंडकडच्या एका ऊस बागायतदाराच्या घरची ही गाडी. मालक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला मोकळे. नाना पेठेतून आणि जुन्या बाजारातून भाग जमवत इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं त्यांनी गावाकडेच करून घेतलं होतं. आमच्याकडे काम होतं पत्र्याचं आणि रंगाचं. मागणी एकच होती, “दादा, बघताक्षणी मिलिटरी वाटली पाहिजे.”

पत्र्याचं काम सात आठवड्यांत उरकलं. रंग कोणता आणि त्यावर खुणा कोणत्या, यावर मात्र दसरा उजाडला. ते सगळं लिहून ठेवतोय, कारण अशा गाड्या पुण्याच्या आसपास अजून बऱ्याच आहेत आणि दर वेळी चूक तीच होते.

गाडी कोणती

नाक बसकं, बॉनेट आखूड आणि पुढची काच उलटी कललेली, म्हणजे वरची कड पुढे आणि खालची मागे. हे ध्यान एकदा पाहिलं की विसरत नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅनडामध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांनी ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी एकाच ठरावीक नमुन्याचे ट्रक काढले, चार लाखांच्या वर. आमचा त्यातला शेवरोले सी-15-ए. चारही चाकांना ताकद, 101 इंचांचा व्हीलबेस, 216 घनइंचांचं सहा सिलिंडरचं 85 अश्वशक्तीचं इंजिन. माल वाहण्याची कागदोपत्री क्षमता 15 हंड्रेडवेट, म्हणजे साडेसातशे किलोंच्या जरा वर. (ऊस किती भरला जायचा ते मालकांच्या आजोबांनाच ठाऊक. मागचे पाटे पाहून मी अंदाज केला आणि गप्प बसलो.) डॅशबोर्डवरच्या पट्टीवर साल 1943.

असे कितीतरी ट्रक सुट्या भागांत, पेट्यांमध्ये भरून हिंदुस्थानात येत आणि इथे जोडले जात. युद्ध संपलं, लष्कराने जादा झालेल्या गाड्या लिलावात काढल्या, आणि आमच्या मालकांच्या आजोबांनी ही उचलली. देहूरोडहून आणली असं घरात सांगतात. फोटो आहे एक, गाडी आणली त्या दिवशीचा. मागे शाईने 1948 लिहिलंय. बॉनेटवर झेंडूचा जाडजूड हार, चाकाखाली लिंबू, आजोबा पटक्यात.

म्हणजे हिशेब असा की ही गाडी लष्करात राहिली फार तर चार-पाच वर्षं, आणि या घरात पाऊणशे वर्षं. हा हिशेब पुढे मालकांच्या घरातल्या आजींनी माझ्या तोंडावर फेकला, पण ते नंतर.

डोळे

जुन्या गाडीचा मूळ रंग शोधायला आमचे पेंटरकाका ‘डोळा’ पाडतात. रुपयाएवढी जागा निवडायची, पॉलिश पेपरने तिथला रंग मधोमध पत्र्यापर्यंत उतरवायचा आणि कडेकडेने उतार ठेवायचा. आधी खरखरीत पेपर, मग चारशे, आठशे, शेवटी पंधराशे नंबरचा, पाणी मारत मारत. नीट केलं तर सगळे थर एकात एक कड्यांसारखे उघडे पडतात. कोरडे असताना फिके दिसतात; रॉकेलचं बोट फिरवलं की खरा रंग वर येतो. काकांचा हात इतका हलका की एक डोळा पाडायला पाऊण तास लागतो, आणि त्या वेळात त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नाही.

अकरा डोळे पाडले. बॉनेटच्या दोन्ही बाजू, दोन्ही मडगार्ड, दोन्ही दरवाजे, छताची कड, डॅशबोर्डच्या मागे, बॅटरीच्या खोक्याखाली वगैरे. हौदा मूळचा नव्हताच, त्याला हात लावला नाही. बाहेरच्या पत्र्यावर सगळीकडे क्रम तोच निघाला. पत्र्यावर विटकरी प्रायमर, त्यावर चॉकलेटी, त्यावर गडद हिरवा, मग करडा, मग निळा, आणि सर्वांत वर निळा-केशरी. सहा थर.

चॉकलेटी कडी दिसताच काका म्हणाले, “रेड ऑक्साइड आहे. सोडा.” नव्वद टक्के लोक इथेच सोडतात. मिलिटरीची गाडी म्हणजे हिरवी, त्यामुळे हिरव्याखाली जे सापडेल ते अस्तर, असं डोक्यात बसलेलं असतं. पण त्या चॉकलेटीच्या खाली अस्तराची विटकरी कडी वेगळी, स्पष्ट दिसत होती. अस्तराला अस्तर कोण लावतं? दुसरा पुरावा डॅशबोर्डच्या मागे मिळाला. तिथे हिरवा रंग पोचलाच नव्हता. हात घालून टॉर्च मारला तर आतला सगळा पत्रा चॉकलेटी, पक्का, शेवटचा हात दिलेला. कारखान्यातून गाडी याच रंगात निघाली होती.

हे पुस्तकी माहितीशी जुळतं. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश गाड्या खाकीकडे झुकणाऱ्या हिरव्या असत. 1941 मध्ये हिरव्या रंगाला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई झाली आणि फौजेने तपकिरी रंग ठरवला. तो एस.सी.सी. (म्हणजे स्टँडर्ड कॅमोफ्लाज कलर) 2. कॅनडातल्या कारखान्यांनीही तोच उचलला. एप्रिल 1944 पासून पुन्हा हिरवट, एस.सी.सी. 15. आमची गाडी 1943 ची, म्हणजे बरोबर तपकिरीच्या काळातली. वरचा गडद हिरवा मात्र एस.सी.सी. 15 नाही, त्यात पिवळसर झाक असते, यात ती नावालाही नव्हती. पूर्वेकडच्या आघाडीसाठी ‘जंगल ग्रीन’ म्हणून एस.सी.सी. 13 होता, त्याच्याशी हा जुळतो. ब्रशने मारलेला होता, केसांचे ओरखडे दिसत होते. म्हणजे हा हिरवा कारखान्यातला नव्हे. हिंदुस्थानात आल्यावर कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये घाईने मारलेला.

खुणा आणि त्यांचे थर

डोळ्यांमधून रंग कळतो, खुणा कळत नाहीत. त्यासाठी डाव्या मडगार्डवरून आणि बॉनेटच्या डाव्या बाजूवरून वरचे तीन थर हाताने उतरवले. यात पंधरा दिवस गेले. मालक दर शनिवारी येऊन बघायचे आणि दर शनिवारी विचारायचे, “अजून निळंच?”

तीन गोष्टी निघाल्या.

मडगार्डवर एक चौकोन, कर्णावर तिरपा दुभागलेला, वरचा भाग लाल, खालचा हिरवा. ब्रिटिश पद्धतीत गाडी कोणत्या दलाची हे अशा रंगीत चौकोनांनी दाखवत. तोफखान्याचा वर लाल, खाली निळा, इंजिनिअरांचा निळा, आणि हा तिरपा लाल-हिरवा सर्व्हिस कोरचा, म्हणजे रसद आणि वाहतूक सांभाळणाऱ्यांचा. चौकोनावर पांढरा आकडा असतो, त्यावरून युनिट कळतं. आमच्या चौकोनावरचा आकडा कोणीतरी घासून काढला होता. पांढऱ्याचे दोन ठिपके उरले होते.

त्याच्याजवळ पिवळा गोल आणि त्यात काळा आकडा, पाचसारखा. हा पुलाचा वर्ग. लष्करी पुलाच्या तोंडाशी असाच गोल असतो; पुलावरचा आकडा गाडीवरच्या आकड्यापेक्षा लहान असेल तर गाडी नेऊ नका, इतकं सोपं. दापोडीला सैनिकी इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूला राहणाऱ्यांना ही भाषा नवी नाही.

तिसरी खूण बॉनेटच्या बाजूवर, आणि प्रकरणाचा कणा तीच. पांढरा लष्करी नोंदणी नंबर, आकड्यांची उंची साडेतीन इंच. पण तो हिरव्यावर नव्हता. हिरवा मारणाऱ्याने नंबर झाकायचा कंटाळा केला असावा. त्याने नंबराभोवती ब्रश फिरवून आयताकृती जागा तशीच सोडली होती. हिरव्या बॉनेटवर चॉकलेटी आयत, आणि त्यात पांढरा नंबर. 1948 च्या फोटोत नंबर दिसतो, आयत दिसत नाही, कारण काळ्यापांढऱ्या फोटोत चॉकलेटी आणि गडद हिरवा यांचा राखाडी जवळजवळ एकच पडतो. मडगार्डवरचा चौकोनही फोटोत नुसता काळपट ठिपका आहे. फोटोवर भिस्त ठेवून रंगवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

तेव्हा लाल-हिरवा चौकोन आणि पिवळा गोल हिरव्या थरावरचे. नंबर चॉकलेटी थरावरचा, पण हिरव्याच्या काळातही उघडा. आणि फॉर्मेशनची म्हणजे डिव्हिजनची खूण? दोस्त फौजांचा पांढरा तारा? काहीच नाही. उजवं मडगार्डही उतरवलं, तिथेही कोरं.

कोणाला काय हवं होतं

मालकांच्या मुलाने मोबाइलवर सतरा चित्रं जमवली होती. पहिलं मागणं पांढऱ्या ताऱ्याचं. तारा नसलेली जुनी लष्करी गाडी पुण्यात बहुधा कुणी पाहिलेलीच नाही. जीप असो, डॉज असो, बॉनेटवर तारा ठोकला की झालं. मी म्हटलं, या बॉनेटवर ताऱ्याचा मागमूस नाही. त्याला ते पटलं, पण चेहरा पडला.

दुसरं मागणं काळ्या मांजराचं. सतराव्या इंडियन डिव्हिजनची ती खूण. मांजर नको तर पाचव्या डिव्हिजनचा काळ्यावरचा लाल गोळा, नाहीतर सातव्याचा सोनेरी बाण. तिन्ही डिव्हिजन ब्रह्मदेशात लढल्या, आणि आमच्या गाडीचा हिरवाही पूर्वेकडचाच, त्यामुळे मुलाचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण जंगल ग्रीन रंगामुळे गाडी ब्रह्मदेशात गेली असं सिद्ध होत नाही. पूर्वेकडच्या आघाडीची सगळी पिछाडी इथेच, हिंदुस्थानात होती. ती एखाद्या डेपोत पिठाची पोती वाहत राहिली असेल. त्यात लाज काही नाही. युद्धात पीठही कुणीतरी वाहावंच लागतं.

तिसरं मागणं खुद्द मालकांचं आणि मनापासूनचं. “दादा, आपल्या मराठ्यांची करा.” मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे, 10 जुलै 1944, मरणोत्तर. आणि शिपाई नामदेव जाधव, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदीवर. जाधव हे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले, मालकांच्या घरात हे नाव आदराने घेतलं जातं. नाही म्हणणं मला जड गेलं. पण दोघेही इटलीत लढले. इटलीतल्या गाडीला जंगल ग्रीन कोण मारेल? रंग एक सांगतो आणि खूण दुसरंच, असं झालं की जाणत्या माणसाला दहा पावलांवरून कळतं. शिवाय ज्याने जीव दिला त्याच्या पलटणीची खूण पोती वाहणाऱ्या गाडीवर चढवायची, हे मला जरा उद्धट वाटलं. मी हे शेवटचं वाक्य बोललो नाही, पण मालक समजले असावेत. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

आमच्या शेजारच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदारसाहेब राहतात, सर्व्हिस कोरचेच. त्यांना मुद्दाम बोलावलं. मडगार्डवरचा लाल-हिरवा पाहून ते आधी वाकले, मग चक्क मांडी घालून खाली बसले. म्हणाले, “खूण गाडीची नसते, युनिटची असते. गाडी दुसरीकडे गेली की आधी जुनं पुसायचं, मग नवं काढायचं. हा आकडा घासलाय ना, तो गाडी जमा करताना घासलाय.” बोटाने त्यांनी ओरखड्याची दिशा दाखवली, सगळे ओरखडे एकाच दिशेने, एका बसणीत केलेले. मला ते तीन आठवडे दिसलं नव्हतं. मोठ्या हालचालीच्या आधी गुप्ततेसाठीही खुणा झाकत किंवा पुसत, हे मला माहीत होतं. पण आमच्या गाडीच्या बाबतीत सुभेदारसाहेबांचं साधं स्पष्टीकरण जास्त पटतं.

नियम 121

आतापर्यंत माझं मत हिरव्याकडे होतं. हिरवा खरा, त्यावरच्या दोन खुणा खऱ्या, नंबर खरा; चॉकलेटी आयतासकट करायचं. आकडा गेलेला म्हणून चौकोन कोरा ठेवायचा. ते रेखाटन करून भिंतीवर लावलंही होतं.

अडलं ते रस्त्यावर. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला 121 वा नियम म्हणतो की संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देऊ नये. जीपवाले हे हसण्यावारी नेतात आणि बहुतेकदा निभावतंही. पण आमच्या मालकांना गाडी शेडमध्ये झाकून ठेवायची नव्हती. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये जे विंटेजचे नियम आले, त्यांत रीतसर बसवायची होती. त्या नियमांत नवी नोंदणी वीस हजारांची, दहा वर्षांसाठी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला ती वापरायची नाही. आणि गाडीचं मूळ रूप बदललेलं नसावं. आता गंमत बघा. एका नियमाला गाडी मूळ रूपात हवी, दुसऱ्याला लष्करी गाडीचा सर्वांत ओळखीचा रंग नको.

जंगल ग्रीन म्हणजे ऑलिव्ह ग्रीन नव्हे, असा वाद घालता येतो. मी स्वतः घातला असता, कागदावर. पण संगम पुलाजवळच्या आरटीओत गाडी उभी करून, रंगाचं कार्ड हातात धरून इन्स्पेक्टरला एस.सी.सी. 13 आणि ऑलिव्ह यांतला फरक समजावायचा? मॅट हिरवी, लष्करी तोंडाची, बाजूला पांढरा नंबर. त्याच्या जागी मी असतो तरी सही केली नसती. शिवाय सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून सैनिकी वेष किंवा खूण वापरणं हा वेगळा गुन्हा आहेच. आमचा हेतू तो नव्हता, पण हेतू नाक्यावर सिद्ध करत बसायचा नसतो.

मग चॉकलेटी उरला. आणि तो नुसता पळवाट म्हणून उरला नाही. कारखान्यातून निघालेली गाडी, 1943, कोणत्याही युनिटला न दिलेली. त्या अवस्थेचा सर्वांत जास्त पुरावा आपल्याकडे होता : डॅशबोर्डमागचा रंग आणि आयतातला नंबर. फक्त त्याची किंमत मोजावी लागत होती. चौकोन आणि गोल हिरव्यावरचे. चॉकलेटीवर ते काढले तर कधीच अस्तित्वात नसलेली गाडी तयार होते.

मालकांना हे सांगायला मी दौंडला गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ओटा

मालक, त्यांचा धाकटा भाऊ, मुलगा आणि आजी. चहा झाला. मी रंगवलेल्या दोन पाट्या नेल्या होत्या, एक हिरवी, एक चॉकलेटी, दोन्ही उन्हात ठेवल्या. धाकट्या भावाने सुचवलं, अर्धी गाडी हिरवी, अर्धी चॉकलेटी करू, ज्याला जी बाजू आवडेल ती त्याने बघावी. मुलगा म्हणाला, हा रंग शेणासारखा दिसतो. मालक काही बोलेनात. पंधरा वर्षं मनात धरलेली हिरवी गाडी एका नियमावर सोडायची, हे सोपं नव्हतं.

आजी मध्येच म्हणाल्या, “मिलिटरीची कवा होती ती? माझ्या लग्नात ती निळी होती. पोरं तिच्यातच शाळेला गेली. तिच्यावर आईचं नाव होतं ते कुठं घालवणार?”

याला उत्तर नव्हतं. गाडीवर सगळ्यात जास्त काळ राहिलेला रंग कोणता हा प्रश्न धरला, तर निळाच योग्य होता. मी तसं बोलून दाखवलं. निळी करायची असेल तर मी निळी करून देईन, अक्षरं त्याच वळणाची काढून घेऊ, आणि आरटीओच्या कागदातही रंग निळाच आहे, कटकट नाही. ओट्यावर सगळे गप्प झाले. मालकांनीच शेवटी निकाल दिला : गाडी चॉकलेटी, नंबरासकट, बाकी काही नाही. डाव्या मडगार्डवर उतरवलेली जागा तशीच ठेवायची, वर पारदर्शक लॅकर मारून; तिथे हिरवा, चौकोन, गोल आणि कडेला निळ्याची पट्टी, सगळं जसं निघालं तसं. आणि काचेच्या वरची आईच्या नावाची पट्टी कापून न काढता, तेवढा निळा तुकडा तिथेच राहू द्यायचा.

ही शेवटची अट माझ्या तत्त्वात बसत नव्हती. 1943 च्या गाडीवर 1960 च्या पुढची अक्षरं! मी पुण्याला येईपर्यंत त्यावर कुरकुरत होतो. खडकी ओलांडता ओलांडता लक्षात आलं की मडगार्डवरची उघडी जागा मला चालते आणि काचेवरची चालत नाही, यात तत्त्वापेक्षा माझी आवड जास्त आहे. तुकडा ठेवला.

हात देताना

रंग मिसळताना बी.एस. 381सी या ब्रिटिश रंगतक्त्यातला 499, सर्व्हिस ब्राउन, आधार म्हणून धरला, कारण तो एस.सी.सी. 2 च्या जवळ जातो. पण शेवटचा निवाडा डॅशबोर्डमागच्या पत्र्याशी लावून, बाहेर उन्हात. ट्यूबलाइटखाली जुळलेला पहिला डबा उन्हात जांभळट दिसला; तो वाया गेला. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मॅट रंग मारू नका, ढगाळ डाग पडतात. आम्ही सप्टेंबरात उघडीप मिळेपर्यंत थांबलो.

नंबराची दोन प्रकरणं झाली. स्टेन्सिल कापणाऱ्याने नंबराआधीचं अक्षर म्हणून आधी ‘एल’ कापलं होतं, कारण मालकांनी फोनवर ‘लॉरी’ म्हटलं होतं. ब्रिटिश हिशेबात 15 हंड्रेडवेटपर्यंतची गाडी ट्रक, तिला ‘झेड’. त्याच्या वरची लॉरी, तिला ‘एल’. आपल्याकडे दोन्ही शब्द एकच. नवं स्टेन्सिल कापलं. दुसरं, शेवटचा आकडा. बॉनेटवर तो पार झिजलेला आणि फोटोत नेमका झेंडूच्या हाराखाली. रात्री शेडमधले सगळे दिवे घालवून टॉर्च पत्र्याला टेकवून आडवी धरली. पांढऱ्या रंगाच्या जाडीची बारीकशी कड सावली टाकते. वर एक आडवी रेघ, तिच्यातून खाली उतरणारी तिरपी. सात. काका म्हणाले, “एक पण असेल.” एकाला वर आडवी रेघ नसते म्हटलं, तर म्हणाले, “आमच्या गावाकडं असते.” पुन्हा टॉर्च लावली. सातच.

मग काकांनी जुन्या सवयीने आकड्यांना उजवीकडून लाल सावली दिली. चाळीस वर्षं नंबर प्लेटा आणि दुकानाच्या पाट्या रंगवलेला हात. तो आकडा नागडा सोडत नाही. मी जेवायला गेलो होतो तेवढ्या वेळात हे झालं. देखणी होती सावली, खोटं कशाला बोला. थिनरने पुसली, तिथला चॉकलेटीही सैल झाला, ते चार इंच परत केले. नीट बघितलं तर आजही तिथे झाक वेगळी आहे.

आरटीओत रंगाच्या रकान्यात निळ्याऐवजी तपकिरी आलं. इन्स्पेक्टरने बॉनेटवरच्या पांढऱ्या नंबराविषयी विचारलं, आम्ही फोटो दाखवला, खऱ्या नंबराची पाटी पुढे-मागे ठळक लावलेली होती, काम झालं. विंटेज गाड्यांच्या फेरीत लोक विचारतात, प्रायमर झालाय, रंग कधी देणार? मालक आता चिडत नाहीत, मडगार्डकडे घेऊन जातात.

दसऱ्याला गाडी अजून आमच्याच शेडमध्ये होती. आजी पूजेला आल्या. मी आदल्या रात्री मालकांना सांगून ठेवलं होतं की मॅट रंगाला तेल लागू देऊ नका, आत मुरतं, डाग निघत नाही. मालकांनी ते आजींना सांगितलं की नाही कोण जाणे. त्यांनी तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटच्या मधोमध काढलं आणि खाली पाच बोटं ओढली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. दुसऱ्या दिवशी कुंकू झटकलं गेलं, तेल राहिलं. चॉकलेटीवर गडद चॉकलेटी, उन्हाची तिरीप आली की दिसतं.